तार हलू नये म्हणून

तार केसापेक्षा थोडीच जाड होती. डॉक्टरांनी ती सीलबंद पाकिटातूनच दाखवली आणि ट्रेमध्ये परत ठेवली. कंबरेच्या खाली, माकडहाडाच्या जरा वर जे सपाट हाड असतं, त्याला मुळातच भोकं असतात. त्यातल्या एका भोकातून सुई घालून ही तार मूत्राशयाकडे जाणाऱ्या नसेजवळ नेऊन ठेवायची. तारेचं दुसरं टोक पाठीवर बाहेर काढायचं, पट्टीने चिकटवायचं आणि कंबरेच्या पट्ट्यावरच्या लहानशा डबीला जोडायचं. डबीतून विजेचे अगदी हलके ठोके जात राहतील. आठवडाभर. त्या आठवड्यात त्रास निम्म्याने तरी कमी झाला, तर कायमची डबी कातडीखाली बसवता येईल. नाही झाला, तर हा मार्ग बंद.

"आणि तार मध्येच हलली तर?" मी विचारलं.

"तर आपल्याला काहीच कळणार नाही," डॉक्टर म्हणाल्या. "उपचार लागू पडला नाही की तार सरकली, हे मला सांगता येणार नाही. आणि इन्शुरन्सने चाचणी एकदाच मंजूर केली आहे. पुन्हा मागितली तर देतील, असं मी म्हणणार नाही."

त्या लेबनीज होत्या, पन्नाशीच्या, इंग्रजी सावकाश बोलणाऱ्या. उपयोग होईल ना, असं मी विचारलं तेव्हा त्या हसून म्हणाल्या, "इन्शाल्ला." इथे दुबईत एसी दुरुस्त करणारा माणूस 'उद्या येतो, इन्शाल्ला' म्हणाला की आपण टेबलफॅन शोधायला लागतो. डॉक्टरांच्या तोंडून तो शब्द ऐकल्यावर मी ट्रेमधल्या पाकिटाकडे पाहिलं.

मनाई काय काय आहे ते नर्सने सांगितलं. ती केरळची होती, माझ्याशी हिंदीत बोलायची. "मॅडम, झुकना नहीं. मुडना नहीं. भारी उठाना नहीं. नहाना नहीं, सिर्फ स्पंज." मग हातातल्या कागदाकडे बघत म्हणाली, "हज्बंड के साथ भी नहीं."

नवरा शेजारच्या खुर्चीवर होता. तो भिंतीवरचं मूत्राशयाचं चित्र बघत राहिला. शेवटची मनाई सांगायची गरज नव्हती. आमच्या घरात ती दोन वर्षांपासून लागू होती.

आजार सांगायला सोपा आहे. मूत्राशय भरलेलं नसतं, पण भरलं असा निरोप मेंदूला जातो. निरोप आला की वेळ मिळत नाही. घराच्या दाराशी येऊन पर्समधून किल्ली काढली की तो यायचा. नळाचा आवाज ऐकला की यायचा. सिलिकॉन ओएसिस वस्तीत आमच्या घरापासून जवळच माझं ऑफिस होतं. तिथे बातम्यांच्या डेस्कवर मी वॉशरूमच्या दाराजवळची, प्रिंटरशेजारची खुर्ची मागून घेतली होती. सगळ्यांना वाटे मला प्रिंटरची सोय हवी आहे. मी काळ्या सलवारी घालायचे. मॉलमध्ये दुकानं कुठे आहेत हे मला सांगता आलं नसतं, वॉशरूम कुठे आहेत हे डोळे मिटून सांगितलं असतं. ऑगस्टमध्येही मी पाणी अर्धा अर्धा घोटच प्यायचे.

पाण्यावरून एक प्रसंग आहे. शेख झायेद रोडवर टॅक्सी वाहतुकीत अडकली होती. पुढे अपघात झाला होता आणि गाड्या बंद करून लोक बाहेर उभे होते. मी मांड्या आवळून, पर्सचा पट्टा मुठीत धरून बसले. काही उपयोग झाला नाही. उतरताना ड्रायव्हरने मागच्या सीटकडे पाहिलं. पेशावरकडचा म्हातारा होता. तो म्हणाला, "फिकर मत करो बाजी, पानी की बोतल गिर गई." माझ्याजवळ बाटली नव्हती. मी बाटली बाळगणंच सोडलं होतं.

गोळ्या झाल्या होत्या. त्यांनी तोंड कोरडं पडायचं आणि शब्द आठवायचे नाहीत. डेस्कवर शब्द न आठवून चालत नाही. ओटीपोटाच्या स्नायूंचे व्यायाम झाले होते. घोट्याजवळ सुई टोचून तिथून त्याच नसेला ठोके देण्याचाही उपचार झाला होता. त्याने काही महिने बरं वाटलं, मग उतरलं. आता कंबरेतली तार उरली होती. त्यानंतर काय, ते मी डॉक्टरांना विचारलं नाही.

पहिल्या भेटीत त्यांनी नवऱ्याला बाहेर बसायला सांगितलं आणि मला विचारलं, "शरीरसंबंध?"

"ठीक आहे," मी म्हणाले.

त्यांनी पेन खाली ठेवलं. "हा प्रश्न मी प्रत्येकीला विचारते. सगळ्या ठीक आहे म्हणतात."

मग मी सांगितलं. दोन वर्षांपूर्वी, जवळ असताना, माझ्याकडून थोडी लघवी झाली होती. त्याला कळलं असेल की नाही, मला माहीत नाही. मी उठून बाथरूममध्ये गेले आणि नळ सोडून बसले. पुढच्या वेळी मी सगळा वेळ फक्त तेच होऊ नये म्हणून आवळून राहिले, आणि दुखलं. त्यानंतर कधी कंबर दुखायची, कधी डेस्कवर उशीर व्हायचा. मग कारणं सांगावी लागेनाशी झाली. तो विचारेनासा झाला. चादरीखाली माझ्या बाजूला मी प्लास्टिकचं अस्तर असलेलं कव्हर घातलं होतं, आणि त्या कव्हराच्या कडेला मी झोपायचे.

डॉक्टरांनी ऐकून घेतलं. सतत आवळलेले स्नायू सैल व्हायचं विसरतात, म्हणून दुखतं, त्या म्हणाल्या. मूत्राशयाच्या आणि त्या सुखाच्या नसा एकाच ठिकाणाहून निघतात. तार मूत्राशयासाठी आहे. काही बायकांचं दुसरंही सुधारतं, काहींचं नाही. "मी तुम्हाला फक्त पहिल्याबद्दल सांगू शकते. नवऱ्याला माहीत आहे?"

"मूत्राशयाचं माहीत आहे."

"तेवढंच?"

"तेवढंच."

चाचणीची तारीख चैत्रात मिळाली. त्याच सुमाराला सासूबाई व्हिजिट व्हिसावर आमच्याकडे आल्या होत्या. त्यांनी आल्या आल्या चैत्रगौरीचं हळदीकुंकू ठरवलं आणि शनिवारचं आमंत्रण इथल्या मराठी बायकांच्या ग्रुपवर टाकायला लावलं. मग हॉस्पिटलचा फोन आला, गुरुवारी या. ती तारीख सोडली तर डॉक्टर सुट्टीवर जाणार होत्या आणि इन्शुरन्सची मंजुरी संपणार होती. मी सासूबाईंना आणि मुलीला सांगितलं की कंबरेत इंजेक्शन घ्यायचं आहे. आमची मुलगी इथेच वाढली, इथेच युनिव्हर्सिटीत शिकते. ती "टेक केअर, आई," म्हणाली आणि इअरफोन परत कानात घातले.

गुरुवारी मी पालथी पडले होते. खालचा भाग सुन्न केला होता, पण मला जागं ठेवलं होतं, कारण तार योग्य जागी गेली का ते मीच सांगायचं होतं. डॉक्टर विचारत, "कुठे जाणवतं?" एकदा पोटरीत गेलं. त्यांनी सुई मागे घेतली. मग पायाचा अंगठा आपोआप वाकला आणि आत, योनीच्या बाजूला, कोणीतरी बोटाच्या टोकाने टकटक करावं तसं झालं. "हिअर," मी म्हणाले. इंग्रजीत ते सोपं गेलं.

घरी आल्यावर टकटक चालू होती. मी दाराशी किल्ली काढली. निरोप आला नाही. मी किल्ली हातात धरून तशीच उभी राहिले. खोटं वाटत होतं. आता येईल, आता येईल, असं म्हणत मी दार उघडलं. वॉशरूमपर्यंत चालत गेले. धावत नाही, चालत. आनंद होण्याऐवजी भीती वाढली. आधी गमावण्यासारखं काही नव्हतं. आता होतं.

शुक्रवारी दुपारी सासूबाई वाटीत तेल कोमट करून आल्या.

"कंबर एवढी धरलीय आणि सुया काय टोचून घेतेस? पालथी पड बघू."

"नको आई. डॉक्टरांनी हात लावू नका म्हणून सांगितलंय."

"त्यांनी त्यांच्या हाताबद्दल सांगितलं असेल." त्यांनी वाटी खाली ठेवली आणि माझा कुर्ता वर केला.

 मी भिंतीकडे तोंड करून होते. मला त्यांच्या बोटांची भीती वाटत होती. तेलाचं बोट पट्टीला लागलं तर पट्टी सुटेल, पट्टी सुटली तर तार येईल, एवढंच डोक्यात होतं.

"हात नका लावू," मी म्हणाले.

"नाही लावत." कुर्ता खाली आला. "वायर आहे."

"हो."

"लघवीचं आहे का?"

मी मान वळवणार होते, पण वळायचं नव्हतं. "तुम्हाला कसं कळलं?"

"मी आल्यापासून बघतेय, तू पाणी पीत नाहीस. जेवताना तांब्या भरून ठेवते, तो तसाच उचलते." त्या पलंगाच्या कडेला बसल्या. मग त्यांनी एकेक विचारून घेतलं. वाकायचं नाही? आंघोळ नाही? किती दिवस? हलली तर परत घालतील का? मी मूत्राशयापुरतं सगळं सांगितलं. त्यापुढे मी गेले नाही आणि त्यांनीही नेलं नाही.

"उद्या वीसेक बायका यायच्यात," त्या म्हणाल्या. "कुंकू लावायचं, ओट्या भरायच्या, वयाने मोठी असेल तिला वाकून नमस्कार. आंघोळ नाही तर गौरीला हात लावता यायचा नाही. कसं करणार तू?"

"त्यांना सांगा, मी आजारी आहे."

"आजारी म्हटलं की सगळ्या आत येऊन पलंगावर बसतील. काय झालं, कोणाला दाखवलं, माझ्या जावेचं पण अस्संच होतं. एखादी पाठ बघायला मागेल."

"मग ऑफिसात गेलेय म्हणा."

"आणि आत शिंकलीस की?" त्यांनी तेलाची वाटी उचलली, परत ठेवली. "बाजूला बस."

मला आधी कळलं नाही.

"कावळा शिवला म्हणून सांगते. हळदीकुंकवाला नटून आलेली बाई बाजूला बसलेलीच्या खोलीत पाऊल टाकत नाही. आणि काय झालंय म्हणून विचारतही नाही. विचारायचं काय त्यात?"

लग्नानंतर पहिल्याच वर्षी मी त्यांना सांगितलं होतं की पाळीचे दिवस मी वेगळी बसणार नाही. दोन दिवस आम्ही एकमेकींशी बोललो नव्हतो. त्यानंतर हा विषय त्यांनी पुन्हा काढला नव्हता.

"तेव्हा बसली नाहीस," त्या म्हणाल्या. "आता बस एकदाची."

"या वयात कोण विश्वास ठेवेल, आई?"

"मी तुझं वय सांगितलं तर ना."

शनिवारी संध्याकाळी पुरुषांना घराबाहेर काढलं होतं. नवरा दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमध्ये तो काम करतो त्या फॅक्टरीत जाऊन बसतो म्हणाला, पॅकिंगच्या लाइनचं काहीतरी बघायचं होतं. मुलीने माझी साडी नेसली होती आणि कुंकवाचा करंडा तिच्या हातात दिला होता. मी बेडरूममध्ये, दार लोटून, उशीला पाठ न टेकता बसले. डबी पट्ट्यावर होती, टकटक चालू होती. भिंतीपलीकडे स्वयंपाकघर होतं, दारापलीकडे हॉल.

बेल वाजत राहिली. चपलांचे आवाज, अत्तराचा वास, कैरीच्या डाळीच्या फोडणीचा वास. कोणीतरी म्हणालं, "यल्ला, चला, आधी गौरीबरोबर फोटो काढू, मग घाम येतो." मग नेमका तो प्रश्न आला.

"घरची मालकीण कुठाय?"

"ती बाजूला आहे," सासूबाई म्हणाल्या.

 मग एक आवाज आला, "अगं बाई, अजून? आपण तर सुटलो बाई." हशा झाला. दुसरी म्हणाली, "आणि काकू, तुम्ही इथे दुबईतपण पाळता?"

"मी असते तिथे पाळते."

"माझी सासू असती तर मी पहिलं विमान पकडलं असतं," तिसरी हळू म्हणाली, पण तेवढी हळू नाही.

सासूबाईंनी ते ऐकलं असणार. त्यांचा आवाज बदलला नाही. "पन्हं घ्या. कैऱ्या कराम्याच्या बाजारातून आणल्यात, तीन दुकानं फिरून."

मी डबीवर हात ठेवून बसले होते. मग स्वयंपाकघरातून, भिंतीला अगदी लागून, मुलीचा आवाज आला.

"आजी, व्हॉट डू यू मीन, बाजूला?"

"ट्रे घे. ग्लास बाहेर ने."

"आईची पाठ दुखतेय आणि तू तिला रूममध्ये बंद केलंस? बिकॉज ऑफ पीरियड्स? धिस इज सो रिग्रेसिव्ह, आजी. बाहेर त्या सगळ्या तुझ्यावर हसतायत."

"हसू देत."

"मी नाही नेणार ग्लास. आधी तू तिला सॉरी म्हण."

"तुला मी वाईट वाटत असेन तर वाटू दे. पन्हं गरम होतंय."

मी उठले. उठायचं ठरवलं नव्हतं. मुलीने आजीला असं बोलू नये, एवढंच होतं. नर्सने शिकवलं होतं तसं पाय आधी खाली सोडून, हातावर जोर देऊन उठायचं होतं. मी सरळ उठले. डबीची केबल पलंगाशेजारच्या ड्रॉवरच्या मुठीत अडकली आणि पाठीला हिसका बसला.

टकटक थांबली.

दोन दिवस ती सतत होती, त्यामुळे ती थांबल्यावर घरातला एखादा पंखा बंद पडावा तशी शांतता अंगात झाली. मी हात मागे नेला. पट्टीचा एक कोपरा बोटाला लागला. तो आधी तसा होता का, मला आठवेना. वळून आरशात बघायचं तर वळायचं नव्हतं. तार बाहेर आली असेल का? आली तर रक्त येतं का? हॉस्पिटलचा नंबर फोनमध्ये होता आणि फोन हॉलमध्ये चार्जिंगला लावलेला होता, वीस बायकांच्या मध्ये. आणि मग निरोप आला, जुना, ओळखीचा, खालून वर. वॉशरूम चार पावलांवर होती. चालले तर तार आणखी सरकेल, नाही चालले तर इथे, मुलगी आणि पाहुण्या घरात असताना, गालिच्यावर. मी पलंगाची कड धरून उभी राहिले. आठवडा पुरा होत नव्हता. इन्शुरन्स पुन्हा देणार नव्हतं. डॉक्टरांनी पुढचा उपाय सांगितला नव्हता आणि मी विचारला नव्हता.

दार उघडलं. मुलगी होती, चेहरा लाल.

"आई, यू डोन्ट हॅव टू सिट हिअर. कम आउट."

"दार लाव."

"नो, लिसन..."

"दार लाव आणि माझ्या मागे ये. कुर्ता वर कर. कशालाही हात लावू नकोस. नुसतं काय दिसतंय ते सांग."

तिने दार लावलं. कुर्ता वर केला. 

"देअर इज अ वायर," ती म्हणाली. "तुझ्या आतून येतेय."

"पट्टी?"

"आहे. एक कॉर्नर उचललाय."

"रक्त?"

"नो. आई, व्हॉट इज धिस?"

"मूत्राशयाचा उपचार आहे. पाठीचं खोटं सांगितलं होतं. तार डबीला जोडलेली आहे का बघ."

"नाही. प्लग बाहेर आलाय. लटकतोय."

"ड्रॉवरमध्ये कागद आहे. वाच आणि तसं कर."

तिने कागद काढला, फोनवरची सूचना वाचावी तशी भरभर वाचला. तिचे हात थंड होते. तिने प्लग बसवला. काही झालं नाही. कागदासोबत ठेवलेल्या डबीच्या रिमोटवरचं बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं.  तिसऱ्यांदा दाबल्यावर अगदी मंद, दुरून, टकटक आली.

"आली," मी म्हणाले.

"कुठे?"

"आहे तिथेच."

"तिथेच म्हणजे कुठे? इथे लिहिलंय, लेगमध्ये किंवा बॅकमध्ये वाटलं तर वायर हलली. करेक्ट जागा असेल तर ओके. आई, से इट. कुठे?"

वीस वर्षं मी या मुलीशी मराठीत बोलत आले होते. हा शब्द तिच्यासमोर एकदाही उच्चारला नव्हता.

"योनीत," मी म्हणाले. "पण आधीपेक्षा जरा डावीकडे."

"जरा म्हणजे?"

"माहीत नाही."

तिने मान डोलावली, पट्टीवर कागदात सांगितली तशी ड्रॉवरमधली जादा पट्टी लावली आणि मला हात धरून वॉशरूमपर्यंत नेलं, अगदी हळू, एखाद्या म्हातारीला नेतात तसं. मी वेळेत पोचले. बाहेर आले तेव्हा ती पलंगावर बसली होती.

"आजीला माहीत होतं?"

"काल कळलं. बाजूला बसायची कल्पना तिची. म्हणजे कोणी आत येणार नाही."

तिने साडीचा पदर सारखा केला, कागद घडी घालून ड्रॉवरमध्ये ठेवला, आणि गेली. भिंतीपलीकडे ग्लासांचा आवाज झाला. ती आजीला काही म्हणाल्याचं ऐकू आलं नाही. मग हॉलमधून तिचा आवाज आला. कोणीतरी विचारलं असावं, आई बरी आहे ना म्हणून.

"ती बाजूला आहे," माझी मुलगी म्हणाली. "पन्हं घ्या ना, मावशी."

पुढचे दिवस मी जवळजवळ हलले नाही. टकटक होती, पण जरा डावीकडे. रोज मला वाटे ती मंद झाली आहे. मोबाइलवर नोंदी ठेवायच्या होत्या त्या ठेवल्या. त्यात फरक दिसत होता, पण तार हललेली असेल तर या फरकाला काय अर्थ, हे मला सांगता येत नव्हतं. सासूबाई रोज सकाळी ओला टॉवेल आणून पलंगावर ठेवत. त्यासोबत पाण्याचा तांब्याही असे. तो मी रिकामा करी. त्या तो उचलून नेत.

आठवडा संपल्यावर हॉस्पिटलमध्ये एक्सरे काढला. डॉक्टरांनी पडद्यावर तार घातली तेव्हाचा फोटो आणि त्या दिवसाचा फोटो शेजारी शेजारी लावले. मी दोन्हींकडे बघत होते आणि मला दोन्ही सारखेच दिसत होते.

"सरकली आहे," त्या म्हणाल्या.

मी पुन्हा दोन्ही फोटो बघितले.

"थोडीशी. पण नसेच्या जवळच आहे. चालेल. आणि तुमच्या नोंदी बघता..." त्यांनी मोबाइल खाली वर सरकवला. "निम्म्याहून बराच फरक आहे. कायमची बसवू."

मला आनंद व्हायला हवा होता. मी विचारलं, "ती पण सरकू शकते?"

"सरकू शकते. बॅटरी संपू शकते. जागा दुखू शकते. सगळं लिहून देते." त्यांनी नर्सला तार काढायला सांगितलं. तार काढताना काहीच जाणवलं नाही. टकटक गेली. नर्स बाहेर गेल्यावर डॉक्टर म्हणाल्या, "नवऱ्याला सांगितलंत?"

"नाही."

"ते ऑपरेशनमध्ये होत नाही," त्या म्हणाल्या आणि तारखा बघायला लागल्या.

परत येताना अल क्वोजच्या जवळ गाड्या थांबल्या. पुढे काही दिसत नव्हतं, फक्त गोदामांच्या पाट्या आणि मागच्या दिव्यांची लाल रांग. तार नव्हती. डबी नव्हती. कायमची बसायला अजून काही आठवडे होते आणि तोवर सगळं पूर्वीसारखं होतं. मी पर्सचा पट्टा मुठीत धरला. नेहमीची भीती होतीच, पण त्या दिवशी तिच्या शेजारी आणखी एक होती आणि ती मोठी होती.

"पुढच्या पंपावर थांबू?" नवऱ्याने विचारलं. तो नेहमीच हे विचारायचा. त्याला कंटाळा येतो म्हणून विचारतो, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते.

"तुला एक सांगायचं आहे," मी म्हणाले. "दोन वर्षांपूर्वीचं."

मी समोरच्या ट्रककडे बघत सांगितलं. जसं डॉक्टरांना सांगितलं होतं तसंच, कमी नाही, जास्त नाही. सांगून झालं तरी ट्रक हलला नव्हता.

तो स्टिअरिंगवर हात ठेवून होता. मला वाटलं तो विचारेल, मग मला का नाही सांगितलंस? 

"तुझ्या बाजूला ते प्लास्टिकचं कव्हर आहे," तो म्हणाला.

"तुला माहीत आहे?"

"कूस बदललीस की वाजतं. दोन वर्षं वाजतंय." त्याने गिअर बदलला, गाडी थोडी पुढे गेली आणि थांबली. "मला वाटलं, तू माझ्यासाठी घातलंयस. म्हणजे मी तिकडे आलो तर तुला कळावं म्हणून."

मी त्याच्याकडे पाहिलं. तो थट्टा करत नव्हता.

"कापडाचं मिळतं म्हणे," तो म्हणाला. "आवाज न होणारं. आमच्या फॅक्टरीत अस्तराचा माल येतो, मी विचारतो कोणाला तरी. दोन्ही बाजूंना घालू. म्हणजे एका बाजूला वेगळं नको."

 ट्रक हलला. गाड्या सुटायला लागल्या आणि उजव्या बाजूला पेट्रोल पंपाची पाटी दिसली. निरोप आला होता, आणि या वेळी तो खरा होता की नेहमीचा, मला ओळखता आलं नाही.

"थांबू?" त्याने विचारलं.

"थांब," मी म्हणाले.